लाईट गेली की मिनिटं कुठं जातात?

प्रश्न : आमच्या विहिरीत चार भावांचा वाटा आहे. कुणी किती वेळ मोटर चालवली हे कळावं म्हणून स्टार्टरच्या कॉइलला टास्मोटा (रिले चालवणारा प्रोग्राम) घातलेला वायफाय रिले (वायफायवरचा स्विच) जोडलाय. मोटर चालू असताना दर मिनिटाला 'व्हार१'मध्ये एक मिळवायचा आणि मोटर बंद केली की तो आकडा 'मेम१'मध्ये टाकायचा, असा रूल लिहिलाय. पण लाईट गेली की हिशेब बुडतो. परवा माझ्या ११ तासांची ४० मिनिटं झाली. पाण्यावरनं घरात वाद नको.
— एक ऊसकरी, ता. कागल

उत्तर : दादा, तुमच्या त्या ४० मिनिटांतच सगळं आलंय. 'व्हार' म्हणजे पाटीवरचा आकडा, लाईट गेली की पुसला. 'मेम' चिपच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत बसतो, तो राहतो. पण तुम्ही मोटर बंद झाल्यावर लिहिताय. लाईट जाते तेव्हा मोटरीबरोबर चिपही मरते; 'बंद झाली' हे नोंदवायला कोण उरतं? लाईट आल्यावर 'व्हार१' कोऱ्या पाटीवर ४० मिनिटं मोजत गेला आणि तुम्ही मोटर बंद करताच तोच आकडा जुन्या ११ तासांच्या जागी बसला.

म्हणून आधी 'सिस्टीम बूट' या घटनेवर (चिप नव्यानं सुरू होते तेव्हा) 'मेम१'चा आकडा 'व्हार१'मध्ये परत घ्या. मग मोटर चालू असताना दुसरा रूलटायमर (रूलमधलं घड्याळ) ३०० सेकंदांचा लावून दर पाच मिनिटांनी 'व्हार१' 'मेम१'मध्ये उतरवा. लाईट कधीही जाऊ दे, बुडाली तर पाच मिनिटंच. मेम १६ आहेत, चौघांना चार देऊनही उरतात.

दर सेकंदाला लिहायचा मोह मात्र नको. उद्यमनगरातल्या माझ्या शेडवर गच्चीच्या टाकीसाठी मी आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवला होता आणि दर सेकंदाला त्याच्या ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणारी मेमरी) एकाच जागी लिहीत होतो. त्या जागेची हमी एक लाख वेळा लिहिण्याची, म्हणजे २८ तासही नाहीत. काही आठवड्यांनी आकडे वेडेवाकडे यायला लागले, बोर्ड बदलावा लागला. टास्मोटा जागा बदलत लिहितं, तरी फ्लॅश झिजतेच. आठ तासांच्या लाईटीत पाच मिनिटांच्या हिशेबानं ९६ वेळाच लिहिलं जातं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि मला हिचीच जास्त काळजी वाटते. मिनिटं लक्षात राहू देत, मोटर चालू होती हे लक्षात राहू नये. टास्मोटा मुळात रिलेची शेवटची स्थितीही जपून ठेवतं. म्हणजे रात्री लाईट आली की मोटर आपोआप उठणार. त्या वेळी फुटव्हॉल्व्हचा कचरा काढायला कुणी विहिरीत उतरलेला असला तर? शिवाय शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो तो वेगळाच. 'पॉवरऑनस्टेट ०' ही कमांड आजच द्या, म्हणजे लाईट आल्यावर रिले बंदच राहील. एकदाच द्यायची, ती चिपमध्ये कायम राहते.