लॉन बॉल्ससाठी कॉलेज सोडावं का?

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगी खो-खो खेळायची. गुडघा दुखावल्यावर लॉन बॉल्सकडे, म्हणजे गवतावर बॉल घरंगळवत छोट्या बॉलच्या जवळ नेण्याच्या खेळाकडे वळली. यंदा बी.कॉम.चं पहिलं वर्ष आहे. 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, म्हणून कॉलेज सोडून पूर्णवेळ खेळायचं म्हणते. बॉल्सचा सेटही हवा आहे. काय करावं?

उत्तर: ताई, कॉलेज सोडू देऊ नका. या खेळाला वयाची घाई नसते. बर्मिंगहॅमच्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींपैकी लव्हली चौबे आणि पिंकी चाळिशीच्या आसपासच्या होत्या. तेव्हा लव्हली झारखंड पोलिसात होती, पिंकी दिल्लीच्या शाळेत क्रीडाशिक्षिका, आणि त्याच संघातली नयनमोनी सैकिया आसामच्या वनखात्यात. घर चालतं ते नोकरीवर. 1966 चा अपवाद सोडला तर राष्ट्रकुलात हा खेळ 1930 पासून आहे, पण ऑलिंपिकमध्ये नाही. त्यामुळे प्रायोजकांची वाट बघू नका.

सेट लगेच घेऊ नका, पहिलं वर्ष क्लबच्या बॉल्सवर काढू दे. घ्याल तेव्हा माप असं बघा: दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटं जुळवून बॉलला विळखा घालायचा, टोकं जेमतेम भिडली की तो नंबर तिचा. मोठा नंबर घेतला तर सोडताना मनगट वळतं आणि बॉल डगमगत जातो. जुना सेट मिळाला तर त्यावरचा वर्ल्ड बॉल्स या जागतिक संघटनेचा शिक्का आणि वर्ष वाचा. मुदत उलटलेला सेट आंतरराष्ट्रीय सामन्यात चालत नाही.

बॉल सरळ जात नाही. त्याच्या एका बाजूला मोठं आणि दुसऱ्या बाजूला लहान वर्तुळ असतं; लहान वर्तुळाची बाजू जिकडे, तिकडे वळतो. नवखी मुलं तो उलटा धरतात आणि बॉल शेजारच्या रिंकवर, म्हणजे दुसऱ्यांच्या खेळपट्टीवर जातो. हे आठवड्यात सुधारतं. खरा कस लागतो तो लांबीचा. जॅक, म्हणजे ज्याच्या जवळ बॉल न्यायचा तो छोटा बॉल, खेळाडू जिच्यावर उभी राहते त्या मॅटपासून किमान 23 मीटरवर हवा. तिने 23, 27 आणि 31 मीटरवर जॅक ठेवून प्रत्येकी दहा बॉल टाकावेत आणि किती बॉल जॅकपासून एका मॅटच्या, म्हणजे 60 सेंटिमीटरच्या आत थांबले ते वहीत लिहावं. सोबत स्टॉपवॉच हवं. 27 मीटरवर जाऊन थांबायला बॉलला इंग्लंडच्या जड गवतावर साधारण 10 सेकंद लागतात, ऑस्ट्रेलियाच्या वेगवान ग्रीनवर (मैदानावर) 15 च्या पुढे. वेगवान ग्रीनवर जोर कमी लागतो, म्हणून हळू सोडलेला बॉल वेळ जास्त घेतो, पण वळण मोठं येतं. एकाच ग्रीनवर वाढलेली मुलगी म्हणूनच परदेशात पहिल्या काही एंड्सना (फेऱ्यांना) आखूड पडते किंवा तिचा बॉल डिचमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेच्या चरात जातो.

चौघींच्या संघात प्रत्येकीला दोनच बॉल मिळतात. तिला आधी 'लीड', म्हणजे सगळ्यात आधी खेळणारी, म्हणून खेळू द्या. मॅट मांडणं, जॅक टाकणं आणि पहिले दोन बॉल जवळ नेणं ही लीडची कामं, आणि चांगली लीड निवड समितीच्या नजरेत लवकर येते. 'स्किप', म्हणजे कर्णधार, व्हायची हौस नंतर.

आता कागद. राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय स्पर्धा, मग बोलिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या चाचण्या, असा रस्ता आहे. केंद्राच्या नोकऱ्यांमधल्या क्रीडा कोट्यासाठी नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र पुरत नाही, राष्ट्रीय स्पर्धेसाठी फॉर्म 2 हा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो स्पर्धा संपल्यावर लगेच सही करून घ्या. पदाधिकारी बदलले की हेलपाटे सुरू होतात. भरतीच्या जाहिरातीत 'टेनपिन बोलिंग' असेल तर तो वेगळा खेळ आहे, अर्ज बाद होईल.

दुखावलेला गुडघा डावा आहे का? तसं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. उजव्या हाताने बॉल सोडताना सगळं वजन डाव्या पायावर येतं, आणि रोजच्या सरावात हे शंभर वेळा तरी होतं.