वाचकांचे प्रश्न : फलकावरची सूचना कळत का नाही?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचना मी शुद्ध मराठीत लिहून फलकावर लावतो, तरीही सभासद फोन करून 'नेमके काय म्हणायचे आहे?' असे विचारतात. नमुन्यादाखल एक सूचना सोबत पाठवत आहे. वाक्ये लहान केली म्हणजे भागेल का?
– एक सचिव, डोंबिवली

उत्तर : तुमची सूचना अशी आहे : 'इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांच्या साफसफाईच्या कामास्तव येत्या मंगळवारी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असल्याने सदर बाबीची नोंद घेऊन सर्व सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवावा.' व्याकरणाच्या दृष्टीने यात बोट ठेवायला जागा नाही. तरीही वाचणाऱ्याची दमछाक होते, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ते येईपर्यंत आधीचे सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. त्यात सुरुवातीलाच 'च्या-च्या'ची माळ लागल्यामुळे पाणी बंद राहणार हे कळायलाच निम्मे वाक्य संपते. सभासदाला आधी हवी असते ती बातमी, कारण त्यानंतर. म्हणून असे लिहा : 'येत्या मंगळवारी सकाळी ९ ते दुपारी २ पाणी येणार नाही. गच्चीवरच्या टाक्या धुवायच्या आहेत. सर्वांनी सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे.' 'सदर बाबीची नोंद घेऊन' हे शब्द गाळल्याने कोणाचेही काही बिघडत नाही. 'ठेवण्यात येणार' ही कचेरीतली रचना इथे निरुपद्रवी आहे. पण 'तक्रारीची दखल घेण्यात येईल' असे लिहिले, की दखल कोण घेणार आणि कधी, हे दोन्ही प्रश्न अधांतरी राहतात आणि तुमचा फोन वाजतो.

मात्र सरसकट वाक्ये तोडू नका. 'म्हणून', 'कारण', 'तरी' हे शब्द गळाले, की दोन वाक्यांचा संबंध वाचकाला स्वतः जुळवावा लागतो. लांब वाक्य पेलण्याची सोय मराठीत पूर्वापार आहे, ती म्हणजे 'जो-तो'ची रचना. 'वाहनाची नोंद न केलेल्या सभासदांना १ तारखेपासून आवारात गाडी लावता येणार नाही' यापेक्षा 'ज्यांनी वाहनाची नोंद केलेली नाही, त्यांना १ तारखेपासून आवारात गाडी लावता येणार नाही' हे शब्दांनी मोठे, पण समजायला हलके आहे, कारण 'ज्यांनी' म्हणताच वाचक आपण त्यात मोडतो का हे तपासू लागतो आणि 'त्यांना' आले, की अर्धा मजकूर हातावेगळा होतो. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण याच साच्यातली. स्वल्पविरामादी चिन्हे मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने. मोडी लिखाणात तर शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही रीत नव्हती. तेव्हाही वाक्य कुठे वळते हे या जोडीच्या शब्दांवरून कळत असे.

प्रश्न : मजकूर किती सोपा आहे याचे गुण देणारी सोय संगणकावर मिळते. माझ्या मराठी लेखाला तिने 'अतिशय अवघड' ठरवले. ते खरे मानावे का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : मानू नये. अशा मोजणीत बहुधा वापरले जाते ते अमेरिकी लेखक रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८चे सूत्र. ते इंग्रजीसाठी बांधलेले आहे आणि दोनच गोष्टी पाहते : वाक्यात सरासरी किती शब्द आहेत आणि शब्दात उच्चाराचे किती अवयव (सिलॅबल) आहेत. आपली शब्दयोगी अव्यये आणि प्रत्यय मात्र शब्दाला चिकटून येतात. 'शेजाऱ्यांकडूनसुद्धा' हा लांबलचक शब्द पहिलीतले मूलही बोलते, तर दोन अक्षरी 'उक्त' नोटिशीबाहेर कोणाच्या तोंडी येत नाही. सूत्राच्या लेखी पहिला अवघड आणि दुसरा सोपा. त्यापेक्षा तो लेख ज्यांच्यासाठी आहे अशा एखाद्या विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळून मागे जाईल, तिथे खूण करा.

प्रश्न : छपाईचा आणि वाचनसुलभतेचा संबंध असतो का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : निश्चित असतो. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा ओळीच्या वर, तर उकार खाली जातात. त्यामुळे इंग्रजीसाठी पुरेसे असलेले ओळींमधले अंतर मराठीला कमी पडते आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आदळतो. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेतल्या बारीकशा खंडावर ठरतो. लहान टायपातल्या मजकुराची प्रतीवरून प्रत काढत गेले, की तो खंड शाईने भरतो. संपूर्ण मजकूर ठळक टायपात छापल्यानेही हेच होते. शिवाय ठळक करण्याजोगी तारीख त्यात उठून दिसत नाही.