इंजिन बसल्याचा दिवस आणि दोन वर्षांची मुदत

‘इंजिनचं काम करून घेतलं, काही महिन्यांत पुन्हा बसलं, वर्कशॉप म्हणतं चूक तुमचीच. काय करता येईल?’ या आशयाची पत्रं इतकी येतात की गाडीचं मॉडेल आणि तालुका बदलला तरी पुढचा मजकूर वाचण्याआधीच कळतो. या वेळी जुन्नर तालुक्यातल्या एका पिकअपमालकाचं पत्र उत्तरासाठी घेते आहे, कारण त्यांच्याकडे थोडे दिवस उरलेत आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

हकिकत अशी. 2018 ची पिकअप, काटा 2,38,000 किलोमीटरवर. टोमॅटो आणि भाजीपाला वाशीच्या बाजार समितीत पोचवण्याचा धंदा. धूर वाढला, ऑइल खायला लागली, म्हणून कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये फुल इंजिन, म्हणजे पूर्ण इंजिन खोलून नव्याने जुळणी, करून घेतलं. बिल 2 सप्टेंबर 2023 चं, 1,34,000 रुपयांचं. शिवाय ‘मजुरी’ म्हणून 40,000 रोख दिले, त्याची पावती नाही. 7,400 किलोमीटर झाल्यावर 14 फेब्रुवारी 2024 ला रिकामी गाडी माळशेज चढताना इंजिन सीझ झालं, म्हणजे आतून जाम होऊन बसलं. वर्कशॉपने बिलाच्या मागची अट दाखवली: कामाची हमी सहा महिने किंवा 10,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते, मात्र पहिलं ऑइल 1,000 किलोमीटरला आमच्याच वर्कशॉपमध्ये बदललेलं असलं पाहिजे. यांनी ते 2,500 ला, आळेफाट्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे बदललं. पावती नाही. पुढे ‘कंपनीचा इंजिनिअर येऊन बघेल’ या फोनवर चार महिने गेले. जून 2024 मध्ये व्हॉट्सॲपवर नकार आला. तेव्हापासून गाडी उभी आहे आणि इंजिन मिस्त्रीने खोलून ठेवलं आहे.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत. आधी नोटीस द्यावी लागते का, 420 चा, म्हणजे फसवणुकीचा, गुन्हा दाखल होईल का, विम्यात बसेल का आणि भरपाई किती मिळेल. चारही प्रश्न नंतरचे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं इंजिन बसलं 14 फेब्रुवारी 2024 ला. म्हणजे 14 फेब्रुवारी 2026. हे लिहिताना जानेवारी 2026 सुरू झाला आहे.

तुमच्या मनात जूनमधल्या नकाराची तारीख असणार, कारण पत्रात तुम्ही ‘नकार येऊन दीडच वर्ष झालं’ असं लिहिलं आहे. तो युक्तिवाद करता येतो, पण त्यावर सगळी केस टांगू नका. समोरचा वकील म्हणेल की दोष कळला तो फेब्रुवारीत, नंतर झाली ती नुसती बोलाचाली. फोन, अर्ज, स्मरणपत्रं, नोटिसा यांनी मुदत वाढत नाही, हे ग्राहक आयोगांनी वर्षानुवर्षं सांगितलं आहे. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर असंही म्हटलं, की समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदत तपासणं हे आयोगाचं कर्तव्य आहे. उलट, मुदत बिलाच्या तारखेपासून, म्हणजे 2 सप्टेंबर 2023 पासून मोजा, असाही प्रयत्न तुमच्याविरुद्ध होऊ शकतो. तसं धरलं तर ती केव्हाच संपली. मला तो प्रयत्न टिकेलसं वाटत नाही. बिलाच्या दिवशी गाडी चालत होती आणि दोष दिसलेला नव्हता. पण फेब्रुवारी ओलांडलीत तर समोरच्याच्या हाती बिनतोड मुद्दा जाईल.

उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला कारणं लिहून नोंदवावी लागतात. ‘ते येतो येतो म्हणत होते म्हणून थांबलो’ हे कारण एखाद्या खंडपीठाला पटेल, दुसऱ्याला पटणार नाही. कुणीतरी तुम्हाला करोनाच्या सवलतीचं सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला तो काळ 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 चा. तुमचं इंजिन त्यानंतर दोन वर्षांनी बसलं. ती सवलत विसरा.

आणखी एक. 14 फेब्रुवारी 2026 हा दुसरा शनिवार आहे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतं, हा नियम आहे. तो तुमच्या वकिलाने लक्षात ठेवावा, तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका. तक्रार ऑनलाइन भरली तरी कार्यालय त्रुटी काढतं, कागद पुन्हा मागतं. जानेवारी संपायच्या आत तक्रार गेली पाहिजे. तुम्ही जुन्नर तालुक्यात राहता, तेव्हा पुणे जिल्हा आयोगात दाखल करता येईल. वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी कलम 34 प्रमाणे तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार चालते. फी बिलाच्या रकमेवर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. म्हणजे पैशाचीही अडचण नव्हती. तरीही बावीस-तेवीस महिने गेले, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

नोटीस द्या, पण उत्तराची वाट बघू नका. या कायद्यात तक्रारीआधी नोटीस देणं बंधनकारक नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तुम्ही नोंदवलेली तक्रार म्हणजे आयोगापुढची तक्रार नव्हे. तिने मुदत थांबत नाही. 420 चं म्हणाल तर काम खराब झालं म्हणून फसवणूक होत नाही. पहिल्यापासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं आणि तुमच्या पत्रात तसं काही नाही. पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत उरलेले आठवडे जातील. विम्याचा मार्गही बंद आहे, कारण नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड स्पष्टपणे वगळलेले असतात.

आता ऑइलची अट. इथे तुमची बाजू कच्ची आहे, पण तुम्हाला वाटते तितकी नाही. फुल इंजिन केल्यावर नव्या रिंगा आणि बेअरिंगं बसताना धातूचा बारीक चुरा सुटतो, तो पहिल्या ऑइलबरोबर बाहेर काढायचा असतो. त्यासाठीच 1,000 किलोमीटरची अट असते आणि ती वाजवी आहे. 2,500 पर्यंत तेच ऑइल चालवलंत ही हयगय झाली. ‘आमच्याच वर्कशॉपमध्ये’ हे शब्द मात्र वेगळे बघावे लागतील. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात कार कंपन्यांना सांगितलं होतं, की बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं एवढ्यावर सरसकट वॉरंटी रद्द करू नये; बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. तो आदेश कारबद्दल आहे, त्यावर अपिलंही झाली आणि तुमची हमी कंपनीची नसून वर्कशॉपच्या बिलावरची आहे. म्हणून तो हुकमी मुद्दा नाही. तरी तक्रारीत घ्यावा, कारण त्यामागचं तत्त्व तुमच्या उपयोगाचं आहे: उशिरा बदललेल्या ऑइलमुळेच इंजिन बसलं का?

याचं उत्तर सुटे भाग देऊ शकतात, पण मिस्त्रीने ते बारदानात भरून ठेवलेत हे वाचून मी चरकले. मी वकील आहे, इंजिनिअर नाही. पण अशा खटल्यांतल्या तज्ज्ञांच्या अहवालांवरून एवढं कळतं, की ऑइल न पोचल्याने जळालेलं इंजिन आणि जुळणीतल्या चुकीने बसलेलं इंजिन सहसा सारखं दिसत नाही. ऑइलचाच तुटवडा असेल तर बऱ्याचदा अनेक बेअरिंगं एकदम खराब झालेली असतात, क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, निळी-काळी पडते. एकाच बेअरिंगची वाट लागली असेल आणि बाकीची धडधाकट असतील, तर ते बेअरिंग बसवताना त्याचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोर आलं होतं का, क्रँक ग्राइंड केल्यावर अंतर बरोबर ठेवलं होतं का, असे प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न तुमच्या फायद्याचे आहेत. वर्कशॉप याच्या उलट म्हणेल: कुलंट कमी होतं, हेड तापलं, तरी गाडी हाणली. त्या दिवशी तापमानाचा काटा कुठे होता, कुठला दिवा लागला होता, तुम्ही किती अंतर तसंच चालवलंत, हे पत्रात नाही. आठवतंय तसं, खरं खरं, आजच लिहून ठेवा.

क्रँक, सगळी बेअरिंगं, ऑइल पंप, पिस्टन आणि शेवटचा ऑइल फिल्टर मिळाला तर तोही, हे सगळं दोन साक्षीदारांसमोर फोटो आणि व्हिडिओ काढून वेगवेगळं बांधा, सील करा, मिस्त्रीकडून लेखी घ्या की इंजिन कोणत्या तारखेला खोललं आणि तेव्हा काय दिसलं. यापुढे कुणाला पुसू-धुऊ देऊ नका. तक्रारीबरोबरच कलम 38 खाली तपासणीसाठी अर्ज द्या. तक्रारीआधी मान्यताप्राप्त सर्वेयर किंवा शासकीय तंत्रनिकेतनातल्या मेकॅनिकल विभागाच्या प्राध्यापकांचा लेखी अहवाल मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी तारीख चुकवू नका. अहवाल नंतर जोडता येतो. वर्कशॉपला नोटिशीत कळवा की अमुक दिवशी तपासणी आहे, हजर राहा. ते आले नाहीत तर ‘आमच्या माघारी इंजिन खोललं’ या त्यांच्या तक्रारीची धार कमी होते. पूर्ण जाणार नाही, कारण पहिल्यांदा खोललं तेव्हा तुम्ही त्यांना कळवलंच नव्हतं. ही घाई तुम्हाला महागात पडू शकते.

ज्यांच्या गाड्या दोन लाखांच्या पुढे गेल्यात त्या बाकीच्या वाचकांनीही हे वाचावं. ओळखीच्या मिस्त्रीकडे ऑइल बदलायला कायद्याची हरकत नाही. पण ऑइलच्या डब्याचं आणि फिल्टरचं जीएसटी बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर आणि काट्याचा आकडा लिहून घ्या, मिस्त्रीची सही घ्या, त्याच दिवशी काट्याचा फोटो काढा. ‘मी वेळेवर बदलत होतो’ हे शपथपत्रात लिहिलेलं वाक्य आणि अशी दहा चिठोऱ्यांची फाइल यांत आयोग कशावर विश्वास ठेवेल हे सांगायला नको. जॉब कार्डवर सही करण्याआधी मागची बाजू वाचा. वर्कशॉपमध्ये घाई असते, माल तोडून शेतात पडलेला असतो, हे मला कळतं. तरी वाचा.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर माझं पूर्ण उत्तर अवलंबून आहे: ‘माझ्या दोन पिकअप आहेत, एक मी चालवतो, एक भाचा.’ बसलेली गाडी कोणाची? कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण दिलं आहे: स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक ठरतो, मदतीला एक-दोन माणसं घेतली तरी ठरतो, गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालत असेल तर ठरत नाही. गाडी तुम्ही चालवत असाल तर लायसन्स, फास्टॅगचा उतारा, आडत्याच्या पट्ट्या आणि भाड्याच्या पावत्या जोडा. रोजचं उत्पन्न बुडाल्याची भरपाई मागायलाही हेच कागद लागतील. भाचा पगारावर चालवत असेल तर अडचण आहे. कुटुंबाचा एकत्र धंदा म्हणून मांडता येईल, टिकेलच असं सांगत नाही. तिथे नाही जमलं तर दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो, त्याला करारभंगाची मुदत तीन वर्षांची, पण कोर्ट फी भरावी लागेल.

किती मिळेल? बिलाचे 1,34,000 आणि त्यावर व्याज हा मागणीचा भक्कम भाग. रोख दिलेल्या 40,000 ची आशा कमी, बँकेतून त्याच दिवशी तेवढी रक्कम काढल्याची नोंद असेल तर जोडा. व्हॉट्सॲपवरचा नकार मूळ फोनमध्ये जपा आणि त्याच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्या. तक्रार वर्कशॉपविरुद्ध करा. कंपनीला सामील करायचं की नाही हे सुटे भाग कोणाचे होते त्यावर तुमच्या वकिलाने ठरवावं.

निकाल कधी? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात. आयोगांवरची पदं रिकामी राहतात म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. ज्या व्यवस्थेला स्वतःची मुदत पाळता येत नाही ती तुमची एक दिवसाची चूकही मोजते, याची मला चीड येते, पण सल्ला त्या व्यवस्थेला धरूनच द्यावा लागतो. एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. वर्कशॉपलाही लेखी म्हणणं 30 दिवसांत, फार तर आणखी 15 दिवसांत द्यावंच लागतं. त्यापुढे आयोग वेळ देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 ला ठरवलं आहे. त्या 45 दिवसांवर लक्ष ठेवायला वकिलांना सांगा.

सुटे भाग सील झाले, तपासणी होऊन अहवाल हाती आला, की आयोगाला कळवून गाडी दुरुस्त करून घ्या आणि रस्त्यावर आणा. निकालापर्यंत ती उभी ठेवण्याचं बंधन तुमच्यावर नाही. आणि कोणती पिकअप कोण चालवतं ते मला कळवा, पण माझ्या उत्तरासाठी थांबू नका. सोमवारी मूळ बिल, आरसी आणि फोन घेऊन वकील गाठा.