मैदानी टपाल: गुडघा गेला, आता कोच होऊ का?

प्रश्न: सर नमस्कार. पत्र माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. वय २७, लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर, पुढं इनलाइन हॉकी, नॅशनल खेळून आला, दोन हिवाळे स्वतःच्या खर्चाने लेहला जाऊन खऱ्या बर्फावरही खेळला. मागच्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं. आता म्हणतो मी आइस हॉकीचा कोच होणार. रात्री जागून अमेरिका-कॅनडाच्या मॅचेस बघतो आणि म्हणतो तिकडे खेळाडू रिटायर झाले की कोचच होतात. वडील म्हणतात नाशकात बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, गुपचूप अंबडला कंपनीत लाग. घरात रोज वाजतंय. तुम्हीच काय ते सांगा.
एक ताई, पंचवटी

उत्तर: ताई, वडिलांचं ते रसवंतीचं वाचून इतका हसलो की चहा सांडला. पण बर्फाचं नंतर बघू, आधी भावाचं ते "तिकडे होतातच" वालं प्रकरण घेऊ कारण खरा घोळ तिथे आहे.

त्याला म्हणावं क्रेग बेरूबी या माणसाची गोष्ट नीट वाच. हा ड्राफ्टमधे, म्हणजे टीम नवीन पोरं निवडतात त्यात, कुणीही न घेतलेला खेळाडू, तरी १९८६ ते २००३ एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडाची सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग, खेळला, १०५४ मॅचेस, आणि गोल किती तर ६१. म्हणजे गोल मारायला त्याला ठेवलाच नव्हता, समोरच्या टीमने आपल्या चांगल्या पोरांना धक्काबुक्की केली की हा जाऊन हिशेब चुकता करायचा. आइस हॉकीत साधी चूक केली की दोन मिनिटं आणि मारामारी केली की पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समधे बसवतात. याची अशी मिनिटं झाली ३१४९. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, दोन दिवस दोन रात्री आणि वर साडेचार तास होतात! शाळेत आपण वर्गाबाहेर अंगठे धरून उभे राहायचो त्यातलाच प्रकार, फक्त याला त्याचा पगार मिळायचा.

आता असा माणूस कोच म्हणून काय शिकवणार असं वाटेल. पण खेळणं संपलं तेव्हा तो थेट मोठ्या टीमकडे नाही गेला, खालच्या लीगमधे असिस्टंट झाला, मग तिथलाच हेड कोच, मग फिलाडेल्फिया फ्लायर्सला असिस्टंट, २०१३ ला तिथे हेड कोच आणि २०१५ ला डच्चू. मग परत खालच्या लीगमधे शिकागोला. हेड कोच राहिलेल्या माणसाने परत खाली जाऊन पोरांच्या प्रॅक्टिस घ्यायच्या हे किती जणांना जमेल मला सांगा. तिथून सेंट लुईस ब्लूजला पुन्हा असिस्टंट, नोव्हेंबर २०१८ मधे तिथल्या हेड कोचला काढलं म्हणून याला तात्पुरता बसवला. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला ही टीम ३१ पैकी ३१ वी होती आणि जूनमधे त्याच टीमने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला, १९६७ पासून खेळणाऱ्या क्लबचा पहिलावहिला. एवढं करून डिसेंबर २०२३ मधे त्यालाही काढलंच. त्यामुळे भावाला सांगा, कोचची नोकरी म्हणजे पेन्शन नाही, बॅग कायम भरलेली ठेवायची.

उलटं उदाहरण हवं तर वेन ग्रेट्झकी. या खेळातला देवच तो, २८५७ पॉइंट्सचा (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) त्याचा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. २००५ ते २००९ फिनिक्सचा कोच होता, चार सीझनमधे टीम एकदाही प्लेऑफला, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांना, गेली नाही. आता टीमच हलकी होती असंही म्हणता येईल, पण माझं आपलं मत असं की ज्याला पक (आइस हॉकीत बॉलऐवजी असते ती रबरी चकती) कुठे जाणार हे आपोआप दिसतं त्याला ते न दिसणाऱ्याला समजावून सांगणं फार अवघड जातं. मी स्वतः पोरांना स्केटिंग शिकवताना सुरवातीची दोन वर्षं "अरे बघ ना, असं!" एवढंच ओरडायचो, आणि पोरं बिचारी बघायची आणि पडायची. आणि स्कॉटी बोमन, ज्याने कोच म्हणून नऊ कप जिंकले, तो तर डोक्याला दुखापत होऊन ज्युनियरलाच थांबला, एनएचएलची एकही मॅच खेळला नाही. म्हणजे भावाचा गुडघा हा मुद्दाच नाहीये. पोरगं का पडलं हे त्याला दिसतं का, आणि ते दहा वर्षांच्या पोराला कळेल असं सांगता येतं का, हे बघायचं.

ते कळायचा एकच मार्ग, लहान पोरं घेऊन बसायचं. मार्टिन सँ लुई घ्या. उंची फक्त पाच फूट आठ इंच, यालाही ड्राफ्टमधे कुणी विचारलं नव्हतं, तरी २००४ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि त्याच वर्षी टॅम्पाकडून कपही जिंकला. रिटायर झाल्यावर हा स्वतःच्या मुलांच्या टीमला शिकवत होता, आणि फेब्रुवारी २०२२ मधे मॉन्ट्रियलने तिथून उचलून सरळ हेड कोच केला. असं क्वचित होतं, त्यावर घर चालवायला घेऊ नका.

आता बर्फ. निफाडला थंडीत कितीही कुडकुडलं तरी गोदावरी गोठणार नाही, मान्य. पण लडाखमधे तरी नैसर्गिक बर्फ वर्षभर कुठे असतो, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी खेळ, बाकी नऊ महिने तिथली पोरं जमिनीवरच तयारी करतात. तरी आपल्या मुलींनी २०२५ मधे अल ऐनला आशिया कपमधे ब्राँझ आणलंच ना. या नऊ महिन्यांत पाय, कंबर, स्टिकहँडलिंग म्हणजे स्टिकने पक ताब्यात ठेवणं, पास देऊन मोकळ्या जागेत जाणं हे सगळं करून घेणारा माणूस लागतो आणि ते काम चाकांवर नाशकातही शिकता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, ब्रेक वेगळा. बर्फावर ब्लेड आडवं केलं की बर्फ खरवडत थांबता येतं, चाकं तशी घसरत नाहीत, त्यामुळे आपली पोरं बर्फावर गेली की पहिले दोन दिवस रिंकच्या कडेच्या बोर्डवर जाऊन आदळतात. भाऊ त्यातून गेलाय, हेच त्याचं भांडवल. आणि आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार तिथला पोरगा, सैन्यात जाऊन रोइंग शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला, हे वडिलांना चहाच्या वेळी हळूच सांगा.

पण वडीलही चुकीचे नाहीत हां. अंबडची नोकरी घ्यायला लावा, पहिली शिफ्ट मागून घ्यायची, संध्याकाळी रिंकवर. दोन वर्षं दहा-बारा पोरं सांभाळू दे, प्रथमोपचार शिकू दे, मॅचला रेफ्री म्हणून उभा राहू दे, हिवाळ्यात रजा टाकून लेहला एखाद्या कोचच्या हाताखाली फुकट राबू दे. एवढं करूनही हौस टिकली तर मग नोकरी सोडायचं बोलू.

प्रश्न: मी नववीत आहे. आइस हॉकीत शिट्टी वाजत नाही तरी खेळाडू सारखे आत-बाहेर का पळतात? कोचला कळतं तरी कसं कोण आत आहे?
देवळाली कॅम्प

उत्तर: मस्त प्रश्न. फुल स्पीडने माणूस पाऊण मिनिटच स्केट करू शकतो, मग मांड्या पेटतात. म्हणून कोच फॉरवर्डच्या तीन-तीनच्या चार फळ्या आणि डिफेन्सच्या तीन जोड्या करून ठेवतो आणि खेळ चालू असतानाच त्या बदलत राहतो. गोलकीपर धरून सहापेक्षा जास्त आत सापडले की दोन मिनिटांची पेनल्टी. शिट्टी वाजून खेळ थांबला तर बदल आधी पाहुण्या टीमने करायचा, मग घरच्या टीमने, म्हणजे घरचा कोच समोर कोण आलंय ते बघून आपला माणूस सोडतो. पत्त्यात शेवटचं पान आपल्या हातात असतं ना, तसं. टाइमआउट प्रत्येक टीमला अख्ख्या मॅचमधे एकच, तोही ३० सेकंदांचा. पुढची मॅच बघताना पक सोड, दहा मिनिटं फक्त बेंच बघ.

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, स्केटिंगला जाते. सर मोठे खेळाडू होते पण सगळ्यांसमोर खूप ओरडतात. क्लास बदलू का?
एक बाबा, इंदिरानगर

उत्तर: दादा, एकदा न सांगता जाऊन कोपऱ्यात उभे राहा. ओरडल्यावर सर तिच्याजवळ जाऊन गुडघा कसा वाकवायचा हे दाखवतात का बघा. दाखवत असतील तर महिनाभर थांबा आणि सरांशी एकट्यात बोला. नुसतं ओरडून मोबाइलमधे बघत असतील तर त्याच संध्याकाळी बदला, भरलेली फी गेली तर गेली.