गाय वाघाने नेली, मुलगी म्हणते वन्यजीवच शिकणार

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका बाबांचं पत्र आलंय. थोडं कापून देते:

"आमची काजूची बागायत आणि लहानसं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. निम्मी बागायत म्हादई अभयारण्यात गेली. घरात 'अभयारण्य' हा शब्द काढला की माझे वडील उठून अंगणात जातात. गेल्या वर्षी वाघाने आमची गाभण गाय मारली. मुलगी बारावीला, पीसीबी. नीटचा क्लास लावलाय. आता म्हणते डॉक्टर नको, वन्यजीवांचं शिकणार. गाय मेली तेव्हा घर रडत होतं आणि ही आईचा शिवणाचा टेप घेऊन चिखलातले ठसे मोजत होती, वहीत लिहून घेत होती. वाघ वाचवून पोट भरतं का? मुलीच्या जातीने रानात फिरायचं का? आणि गावात आम्ही तोंड कसं दाखवायचं? तुम्ही तिला चार शब्द समजवा."

नमस्कार बाबा,

पत्रात तुमचा तिसरा प्रश्न शेवटी आहे, पण मनात तोच पहिला आहे असं मला वाटलं. म्हणून तिथूनच सुरू करते.

1999 साली गोव्यात राष्ट्रपती राजवट होती तेव्हा राज्यपाल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्यं जाहीर केली. म्हादईचं क्षेत्र साधारण 208 चौरस किलोमीटर. रेघ कागदावर झटकन ओढली गेली, पण रेघेच्या आत कोणाची बागायत, कोणाची शेती, कोणाचा हक्क, ते ठरवायचं काम वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. मग जानेवारी 2020 मध्ये म्हादईतल्या गोळावली गावात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. त्याआधी वाघाने गावातली गुरं मारली होती. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

आता या भांडणात माणसं मोजा. वाघ कळणारे पुष्कळ, काजूची बागायत कळणारे त्याहून पुष्कळ. दोन्ही कळणारा माणूस शोधायला गेलात तर वाळपईच्या बाजारात दिवस जाईल. वन हक्क कायद्याखाली दावा घालायचा तर आदिवासी नसलेल्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा तिथला रहिवास दाखवावा लागतो. ते कागद कसे उभे करायचे, गाय मेल्यावर पंचनामा होईपर्यंत धड का हलवू नये, गोठा कुठल्या बाजूने बंद केला तर रात्री जनावर आत शिरत नाही, हीसुद्धा संवर्धनाचीच कामं आहेत, आणि त्यातली निम्मी तुमच्या घरात रोज बोलली जातात. देहरादूनच्या वन्यजीव संस्थेतून शिकून आलेल्या हुशार मुलांना ती समजायला दोन पावसाळे लागतात. तुमच्या मुलीने ती जेवताना ऐकली आहेत. गावात तोंड दाखवायचा प्रश्न म्हणाल, तर ही मुलगी शिकून परत आली तर गावाला पहिल्यांदा आपल्या बाजूचं ऐकून लिहिणारं कोणीतरी मिळेल. आजोबांना एवढं सांगून बघा. ते अंगणात गेले तरी हरकत नाही, अंगणातून ऐकू येतं.

पण मुलीलाही एक सांगायला हवं. टीव्हीवर दिसतं तसं हे काम नसतं. वाघ मोजायचा म्हणजे काय करतात? पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन का, तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एकच वाघ दोनदा मोजला जायचा. मग ते हजारो फोटो एकेक करून पाहायचे. त्यात वाघ सापडतो तेव्हा सापडतो. बाकी असतात गुरं, लाकडाची मोळी घेतलेल्या बायका, वाऱ्याने हललेलं गवत, कॅमेऱ्याला तोंड लावून बघणारं माकड. माझी एक जुनी विद्यार्थिनी या कामावर होती. एकदा तिच्याकडे गेले तर ती संगणकासमोर बसून म्हणत होती, "गाय, गाय, गाय, गवत, काकी, गाय." तीन तास. हे सहन होतं का, ते आधी तपासायला हवं. ठसे मोजून वहीत लिहिणाऱ्या मुलीला बहुधा होईल, पण 'बहुधा'वर करिअर उभं करू नये.

आता पोटाचं.

नीटचा क्लास बंद करू नका. पशुवैद्यकीय पदवीच्या राष्ट्रीय कोट्यातल्या पंधरा टक्के जागा नीटच्या गुणांवरच भरतात. शिक्षण इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. पशुवैद्य झाली तर पोटाची काळजी उरत नाही, आणि वन्यजीवांच्या कामात पशुवैद्यांची नेहमीच चणचण असते. सत्तरीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 2015 साली आपल्या पाली गावात माकडताप आला होता, आठवतं ना? मेलेल्या माकडांवरच्या गोचिडी, त्या चावल्या की काजू गोळा करायला गेलेल्या माणसाला ताप. माकड, गोचीड, गुरं आणि माणूस अशा चौघांकडे एकदम बघणारा डॉक्टर हवा तो असा. नीटला गुण कमी पडले तर जगबुडी नाही, पण दिलेली परीक्षा वाया जात नाही.

दुसरी वाट, साधी बी.एस्सी. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र, गोव्यातच. नातेवाईक नाक मुरडतील. मुरडू देत. माझं मत विचाराल तर वनस्पतिशास्त्र घ्यावं, कारण प्राण्यांच्या मागे सगळेच धावतात आणि झाडं नावानिशी ओळखणारा माणूस शोधावा लागतो. वनशास्त्राची चार वर्षांची पदवी हवी असेल तर दापोली आणि शिरसी दोन्ही आपल्याला फार लांब नाहीत. परराज्यातल्या मुलांना किती जागा, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. पुढे एम.एस्सी. साठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएसचा (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा) वन्यजीव अभ्यासक्रम, ही दोन मोठी नावं. जागा अगदी मोजक्या, आणि प्रवेशाची जाहिरात दरवर्षी निघेलच असं धरून चालू नका. तिथे पदवी कुठल्या विषयाची यापेक्षा रानात आधी काय केलंय हे जास्त खोदून विचारतात. तिसऱ्या वर्षात जाईपर्यंत तिला संख्याशास्त्र बरं यायला हवं, संगणकावर नकाशे करता यायला हवेत (त्याचं क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं), आणि दोन पानं नीट लिहिता यायला हवीत. या तीन गोष्टींवर नोकऱ्या मिळतात. वाघावरच्या प्रेमावर मिळत नाहीत, मी पुष्कळ अर्ज वाचलेत.

पगाराचं खोटं बोलणार नाही. संस्थांमधली सुरुवातीची कामं बहुतेक कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पगार संपतो, आणि पुढचा प्रकल्प कुठल्या राज्यात असेल ते सांगता येत नाही. पहिली चार-पाच वर्षं घरून आधार लागेल असं धरा. नेट परीक्षेत शिष्यवृत्तीची (जेआरएफ) पात्रता मिळवून पीएच.डी. ला लागली तर सुरुवातीची शिष्यवृत्ती महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं वेगळं, म्हणजे तेव्हा ती तुमच्याकडे हात पसरणार नाही. सरकारी वाट म्हणजे भारतीय वन सेवा. यूपीएससीची परीक्षा, वय 21 ते 32, विज्ञानाची ठरावीक विषयांची पदवी किंवा पशुवैद्यकीय, शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी. मूळ वेतन 56,100 पासून. गोव्याला स्वतःचं वेगळं केडर, म्हणजे नेमणुकीचा गट नाही, अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांसोबत एकत्र आहे. तेव्हा साहेब होऊन अंदमानात किंवा इटानगरला जायची तयारी हवी. गोवा वन खात्यातल्या वनरक्षकापासूनच्या जागा वेगळ्या. त्यांना पंधरा वर्षांचा रहिवास लागतो आणि कोकणी यावी लागते, मराठी आली तर चांगलं. तुमच्या घरात एक बोलतात, एक लिहितात, म्हणजे त्या बाजूने काळजी नाही.

एका कामाबद्दल मात्र सगळेच कमी बोलतात, म्हणून मी जास्त बोलणार आहे. गेलेलं रान परत उभं करणं. 2012 साली गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सांग्यात टाकाऊ मातीचे डोंगर मागे राहिले. त्यातल्या कितीतरी डंपांवर आकेशिया हे बाहेरून आणलेलं झाड लावलंय. लांबून हिरवं दिसतं. खाली उभे राहा, कडक पाचोळा आणि शांतता. पाखरू बोलत नाही. तिथे किंदळ, मट्टी (ऐन), जांभूळ आणायचं असेल तर कुठलं झाड पहिल्या वर्षी उन्हात तगतं आणि कुठल्याला आधी सावली लागते ते कोणाला तरी ठाऊक हवं. रानजायफळाचं बघा. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय (देवराई) आहे ना, पाणथळ जागेतली, गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळं असलेली झाडं? त्या बियांची गंमत अशी की बी वाळलं की मेलं. भाताच्या बियाण्यासारखं कणगीत ठेवून पुढच्या मिरगाला पेरता येत नाही. पडल्या पडल्या उचलायचं आणि ओलं असतानाच रुजवायचं. ज्या घरात सुपारीची रोपं काढतात त्या घरातल्या मुलीला हे एकदा सांगितलं की पुरे. तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांमध्ये अडकलेले रानाचे तुकडे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनची मंडळी दोन दशकांहून जास्त काळ असेच सांधत आहेत, स्वतःच्या रोपवाटिकेतली स्थानिक झाडं लावून. रोपवाटिका चालवता येणं हा आमच्या धंद्यात कोणी सांगत नाही असा हुनर आहे. कुळागर सांभाळणाऱ्या आजीकडे तो असतो, फक्त प्रमाणपत्र नसतं.

आणि वन्यजीव शिकले म्हणून रानातच जावं लागतं असंही नाही. मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा रूळ टाकायचा होता तेव्हा शास्त्रज्ञांबरोबर वकील, चित्रकार, विद्यार्थी सगळे उठले होते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रुळाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. न्यायालयात कोणती झाडं, कोणते बेडूक, किती उतार हे कागदावर मांडणारं कोणीतरी लागतंच.

मुलीच्या जातीचा प्रश्न. वाघापेक्षा चोर्ला घाटात रात्रीची दुचाकी जास्त घातक, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. रानात एकटं कोणी काम करत नाही, सोबत गावातला वाटाड्या आणि जोडीदार असतो. ती जिथे जाईल तिथे जाण्याआधी तुम्ही स्वतः दोन गोष्टी विचारा: मुक्काम कुठे आणि कोणासोबत, आणि तक्रार करायची झाली तर कोणाकडे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या संस्थेत 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने अंतर्गत समिती लागते. समिती कोणती, असं विचारल्यावर जी संस्था गोंधळते तिथे पाठवू नका, नाव कितीही मोठं असो.

आता लगेच काय करायचं? परीक्षेपर्यंत काही नाही, अभ्यास. परीक्षा संपते तेव्हा किनाऱ्यावर कासवांची पिल्लं निघायचा हंगाम असतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर वन खात्याची माणसं घरटी राखतात. परवानगी काढून पंधरा दिवस तिथे मदतीला जाऊ दे. रात्रभर जागरण, डास, पर्यटकांना दिवे बंद करायला सांगून खायच्या शिव्या. एका घरट्यात शंभरेक अंडी, आणि वाळू किती तापली यावर पिल्लं नर की मादी ते ठरतं, म्हणून तापमान लिहून ठेवायचं काम. पंधरा दिवसांनी ती परत आली आणि तरी हेच म्हणाली, तर मग तुम्हीच तिला अर्ज भरून द्या. परत येऊन "नको बाबा" म्हणाली, तर नीटचे गुण हातात असतीलच. पहिलीच वेळ नसेल, मला असे दोन्ही प्रकार माहीत आहेत.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. गाय मेली त्या दिवशी तिने ठसे मोजून लिहिलेली ती वही घरात आहे का? बघा, त्या पानावर तारीख आणि जागा घातली आहे का. नसेल तर आठवून आजच लिहायला सांगा, आणि ठसा पुढच्या पायाचा होता की मागच्या तेही. पानाचा फोटो काढून मला पाठवा.