थंडीतली खोली: वाचकांचे प्रश्न

खोली उबदार ठेवण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. ज्यात जिवाशी गाठ आहे तो प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न: घरात बाळंतीण आणि बारा दिवसांचं बाळ आहे. पहाटे पारा सहा-सातवर येतो. सासूबाई बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायला सांगतात. 'आमची सगळी बाळंतपणं अशीच झाली,' म्हणतात. खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल ना? (निफाड)

उत्तर: नाही. दार-खिडकी लावून निजायच्या खोलीत पेटती शेगडी नको, फट ठेवूनही नको. सासूबाई खोटं सांगत नाहीत, पण तेव्हाचं घर वेगळं होतं. कौलांच्या आणि वाशांच्या फटींतून रात्रभर वारा खेळायचा. आताची खोली स्लॅबची, खिडकी अ‍ॅल्युमिनियमची, दार घट्ट बसणारं. शेगडी तीच असली तरी तिच्यातून निघणारा वायू आता कोंडून राहतो.

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा धुरकट जळतो तेव्हा आपण खोकतो आणि दार उघडतो. धूर संपून लालबुंद निखारे उरले की 'आता काही भीती नाही' म्हणून शेगडी आत आणतात, पण हा वायू त्या निखाऱ्यांतूनच निघत राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही, ग्लानी वाढत जाते. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद, म्हणून त्याला आधी बाधतं. खिडकी किती उघडी ठेवली म्हणजे पुरे, याचं खात्रीचं माप नाही, कारण वारा कधी पडेल ते कुणाच्या हातात नसतं. शेगडीजवळ पाण्याचं भांडं ठेवण्याचा उपाय निरुपयोगी आहे. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

डोकं जड होणं, मळमळणं, गरगरणं ही लक्षणं खोलीतल्या दोघा-तिघांना एकदमच जाणवली आणि बाहेर गेल्यावर कमी झाली, तर हाच संशय घ्या. सगळ्यांना मोकळ्यावर न्या, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना 'बंद खोलीत कोळसा होता' हे स्पष्ट सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला या वायूने भरलेलं रक्त आणि प्राणवायूचं रक्त यांतला फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही तो ९८ दाखवू शकतो.

शेक द्यायचाच असेल तर ओव्याची पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर तापवा, आधी आपल्या मनगटाला लावून बघा आणि मग बाळंतिणीला द्या. धुरी बाळाला नकोच.

खोलीसाठी तेलाचा हीटर घ्या, म्हणजे सीलबंद तेल भरलेला, विजेवर चालणारा. नवजात बाळाच्या खोलीत २५ ते २८ अंश तापमान असावं. साधा थर्मामीटर बाजेच्या उंचीवर टांगा, छताजवळ नको, तिथे हवा नेहमी जास्त गरम असते. बाळाचं पोट आणि तळपाय हाताला सारखे उबदार लागले तर ठीक. पोट गरम आणि पाय गार असतील तर ऊब कमी पडते आहे. पोटही गार लागलं तर बाळाला उघड्या छातीशी घ्या, वरून पांघरूण घाला आणि डॉक्टरांना गाठा. वीज गेली तरी पहिला उपाय हाच: आईच्या छातीशी बाळ, डोक्याला टोपडं आणि दोघांवर मिळून गोधडी. गरम पाण्याची रबरी पिशवी अंथरूण तापवण्यापुरती वापरा. बाळ ठेवण्याआधी काढून घ्या.

प्रश्न: ब्लोअर, हॅलोजन आणि तेलाचा हीटर यांत सर्वांत कमी वीज कोणाला लागते? आमची खोली दहा बाय बारा आहे. (पुणे)

उत्तर: एक युनिट वीज जाळली की तिन्हींतून उष्णता तितकीच मिळते, ८६० किलोकॅलरी. 'कमी विजेत जास्त गरमी' असं खोक्यावर छापलं असेल तर ती निव्वळ जाहिरात. फरक पडतो तो उष्णता कुठे जाते यात.

तुमच्या खोलीत साधारण ३० घनमीटर हवा आहे. नुसती हवा दहा अंशांनी तापवायला जेमतेम ०.१ युनिट पुरतं. ब्लोअर लावल्यावर पाच मिनिटांत ऊब येते ती यामुळे, आणि बंद करताच जाते तीही यामुळेच: हवा तापली, भिंती गारच राहिल्या. खरी वीज खर्च होते ती भिंती, काच, स्लॅब आणि फटी यांतून निसटणारी उष्णता भरून काढण्यात. नऊ इंची विटांच्या भिंतीतून, आत-बाहेर दहा अंशांचा फरक असताना, दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट जातात. एकेरी काचेतून ५५ ते ६० जातात. वरच्या मजल्यावर असाल तर उघडा स्लॅबच एकटा तीनशे-साडेतीनशे वॅट खातो.

त्यामुळे निवड अशी करा. पंधरा मिनिटं अभ्यासाला बसायचं किंवा आंघोळीनंतर अंग कोरडं करायचं असेल तर हॅलोजन, कारण तो हवेऐवजी समोरच्या माणसाला तापवतो. ४०० ते ८०० वॅट पुरतात. खोली पटकन कोमट करायला ब्लोअर. रात्रभर ठेवायचा तर तेलाचाच: लाल तापलेली तार उघडी नसते, पंख्याचा आवाज नाही, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघणारी कळ, त्याला चालू-बंद करत राहते. नऊ फिनचा (उभ्या पात्यांचा) २००० वॅटचा तुमच्या खोलीला भरपूर झाला. तो निम्मा वेळ चालू राहिला तर आठ तासांत आठ युनिटं. युनिटला १० रुपये धरले तर रात्रीचे ८० रुपये. महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

हे बिल बघून जीव कळवळला तर आधी दाराखालच्या फटीत जुन्या साडीची गुंडाळी ठासा, खिडकीला जमिनीपर्यंत जाड पडदा लावा आणि सूर्य मावळण्याआधीच खिडक्या बंद करा. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली झडप मात्र बुजवू नका, तिथेही तोच जीवघेणा वायू साचतो. पुण्याच्या थंडीला खरं तर रबरी पिशवी आणि चांगली रजई यांत बऱ्याच जणांचं भागतं.

प्रश्न: हीटरची पिन आणि सॉकेट काळं पडलं. पिन बदलली, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. हीटर खराब आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: हीटर बहुधा ठीक आहे, सॉकेट गेलं आहे. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो, आणि भिंतीवरचं लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. जाड पिन त्यात बसत नाही म्हणून लोक कन्व्हर्टर लावतात किंवा एक्स्टेन्शन बोर्ड घेतात. त्या बोर्डाची वायर बारीक, त्यात ती गुंडाळी करून कपाटामागे टाकलेली. अशाने आग लागते.

सॉकेटच्या आतली पितळी पट्टी तापून सैल पडते. सैल पडली की ठिणग्या उडतात आणि ती आणखी तापते. जळक्या सॉकेटमध्ये नवी पिन घातली तर तीही जळणारच. दोन्ही एकदम बदला. इलेक्ट्रिशियनला सांगून १६ अँपिअरचं सॉकेट बसवून घ्या, डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) तांब्याची स्वतंत्र वायर, किमान २.५ चौरस मिलिमीटर, सोबत १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग. एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याच बारीक वायरवर मोठा एमसीबी बसवून घेऊ नका. मग एमसीबीऐवजी वायर जळते.

तपासणी सोपी आहे. अर्धा तास हीटर चालवा, बटण बंद करा, पिन काढून तिला हाताची मागची बाजू जवळ न्या. कोमट असेल तर ठीक, चटका जाणवला तर सॉकेट सैल.

प्रश्न: नोकरीनिमित्त गुरुग्रामला आलो. हॉट अँड कोल्ड एसी घेतला. पहाटे तो मधेच गरम हवा बंद करतो आणि बाहेरच्या युनिटमधून वाफा येतात. बिघाड आहे का?

उत्तर: बिघाड नाही, त्याला डीफ्रॉस्ट म्हणतात. हा एसी वीज जाळून उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून आत आणतो. म्हणून बाहेर सात अंशांच्या आसपास असताना एका युनिट विजेत तीन युनिटांच्या जवळपास ऊब देतो. हीटरवर आठ युनिटं जात असतील तर इथे तीन. मात्र उष्णता खेचताना बाहेरची कॉइल शून्याखाली जाते आणि धुक्यातलं दव तिच्यावर गोठतं. ते वितळवायला यंत्र पाच-दहा मिनिटं उलटं चालतं, त्याच त्या वाफा. बर्फाचा थर वितळतच नसेल तर मेकॅनिकला बोलवा. गॅस कमी असेल किंवा सेन्सर गेला असेल.

झडपा खाली वळवा, गरम हवा आपोआप वर जातेच. २० ते २२ वर ठेवा. दर पंधरवड्याला आतली जाळी धुवा. आणि घेताना नुसतं रिमोटवरचं 'हीट' बटण बघून फसू नका. एकच रिमोट अनेक मॉडेलांना देतात. युनिटच्या पट्टीवर हीटिंगची क्षमता लिहिली असेल तरच तो तापवतो.

प्रश्न: हीटर खोलीतला प्राणवायू खातो का? नाक कोरडं पडतं. (नागपूर)

उत्तर: विजेचा हीटर काहीच जाळत नाही, त्यामुळे प्राणवायू जिथल्या तिथेच राहतो. १० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांवर नेली की तिची आर्द्रता तीसच्या खाली येते. नाक त्याने कोरडं पडतं. वाटीभर पाण्याने फारसा फरक पडत नाही, त्याचा पृष्ठभाग एवढासा. ओला पंचा दोरीवर पसरा. हीटरवर नव्हे.

प्रश्न: म्युनिकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रेडिएटर खाली गरम आणि वर थंड. शिवाय बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी.

उत्तर: वर थंड म्हणजे आत हवा अडकली. हीटिंगचा पंप आधी थांबवावा लागतो, तो इमारतीचा सामायिक असेल तर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, विचारा. मग रेडिएटरच्या वरच्या टोकाला, थर्मोस्टॅटच्या विरुद्ध बाजूला, चौकोनी खिळ्याचा छोटा व्हॉल्व्ह दिसेल. त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाली पेला आणि फडकं धरून किल्ली घड्याळाच्या उलट दिशेला अर्धा फेरा फिरवा. हवा फुसफुसत निघेल. पाण्याची सलग धार लागली की बंद करा. पाणी गरम आणि काळपट असतं, गालिचा सांभाळा. नंतर यंत्रणेचा दाब कमी झाला असेल तर पाणी भरावं लागतं. ते काम घरमालकाचं.

थर्मोस्टॅटवरचा आकडा वेग दाखवत नाही, तापमान दाखवतो. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढे-मागे प्रत्येक आकड्याला सुमारे चार अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त थांबायचं विसरते. रेडिएटरवर पडदा आला तर त्यामागची हवा तापते आणि थर्मोस्टॅट खोली तापली असं समजून बंद होतो.

बुरशीचं कारण बहुतेक मराठी स्वयंपाकात सापडेल: कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, भर म्हणून खोलीत वाळणारे कपडे. ती वाफ सर्वांत गार कोपऱ्यात पाणी होऊन बसते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवू नका, त्याने भिंत गार होते आणि बिल वाढतं. दिवसातून तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडा, पाच ते दहा मिनिटं, तेवढा वेळ रेडिएटर बंद. स्वयंपाक करताना बेडरूमचं दार लावा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा. आर्द्रतामापक घ्या आणि काटा ६० च्या खाली राहू द्या.

प्रश्न: आईबाबांना घेऊन जानेवारीत काश्मीरला जातोय. होमस्टेत बुखारी आहे, सुरक्षित असते का? (ठाणे)

उत्तर: बुखारी म्हणजे खोलीत पेटवायची, धुराड्याची लोखंडी शेगडी. धुराडं छपराबाहेर गेलेलं आणि पत्र्याच्या नळीचे सांधे घट्ट असतील तर बसायच्या वेळी हरकत नाही. सांध्यांवर काजळीच्या रेघा दिसल्या तर खोली बदलून मागा. निजण्याआधी ती विझवायला सांगा, झडप लावून धुमसत ठेवू नका. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं वेताच्या टोपलीतलं मडकं, फेरनच्या (तिथल्या लांब, सैल झग्याच्या) आत धरून बसायला आहे. तिथले लोक त्यात सरावलेले असतात, आपण नाही. पांघरुणात तर मुळीच नको.

प्रश्न: तेलाच्या हीटरमधलं तेल किती वर्षांनी बदलायचं? (सातारा)

उत्तर: कधीच नाही. ते सीलबंद असतं, जळत नाही आणि आटत नाही. खाली डाग दिसला तर शिवण फुटली आहे, तो हीटर वापरू नका. टकटक आवाज येतो तो पत्रा प्रसरण पावल्याचा. दुकानातून आडवा आणला असेल तर तासभर उभा ठेवून मगच सुरू करा, म्हणजे तेल खाली उतरून तळाची कॉइल पूर्ण बुडते.