जावातलं हॅश फंक्शन पायथनमध्ये उतरवताना: 'राम' जुळतो, मग 'मराठी' का जुळत नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी. जावात एक छोटं फंक्शन आहे. ते नाव घेतं, शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक अक्षराला 'हॅश = ३१ × हॅश + अक्षराचा क्रमांक' असं करत जातं आणि शेवटी अ‍ॅब्स (ऋण चिन्ह असल्यास काढून टाकणारं फंक्शन) लावून १० ने भागल्यावरची बाकी परत देतं, म्हणजे ० ते ९ मधला कप्पा. तुम्ही ते पायथनमध्ये ओळीला ओळ उतरवलंत. छोटी इंग्रजी नावं जुळतात, 'राम' दोन्हीकडे ८ व्या कप्प्यात जातो, पण 'मराठी'ला जावा ४ देतं आणि पायथन २. म्हणून तुमचा संशय युनिकोडवर आहे.

संशय साहजिक आहे, पण युनिकोड इथे निर्दोष आहे. देवनागरीचे कोडपॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) २३०४ ते २४३१ या पट्ट्यात येतात आणि जावाचा 'चार' (char, एक अक्षर धरणारा प्रकार) व पायथनचं 'ऑर्ड' (ord, अक्षराचा क्रमांक देणारं फंक्शन), दोघंही त्यांना तोच क्रमांक देतात. घोळ पुढच्या गुणाकारात आहे. 'मराठी' एकदा हातानेच सोडवून पाहा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण कोडपॉइंट पाच आहेत: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी.

म (२३५०): २,३५०
र (२३५२): ७५,२०२
काना (२३६६): २३,३३,६२८
ठ (२३३६): ७,२३,४४,८०४
वेलांटी (२३६८): २,२४,२६,९१,२९२

पहिल्या चार पायऱ्या दोन्ही भाषांत सारख्याच येतात. पाचवीला जावाचा इंट (int, पूर्णांक साठवणारा प्रकार) अपुरा पडतो, कारण ३२ बिटांच्या इंटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. जावा इथे ना एरर देतं, ना इशारा. संख्या गुपचूप वळसा घेते, म्हणजे त्यातून २ चा ३२ वा घात (४,२९,४९,६७,२९६) वजा होतो आणि हातात उरतात -२,०५,२२,७६,००४. अ‍ॅब्स लावून १० ची बाकी काढली की ४. पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादाच नाही, मेमरी पुरेल तितका तो वाढत जातो. म्हणून तिथे २,२४,२६,९१,२९२ ही संख्या तशीच राहते आणि बाकी येते २.

आता 'राम' का जुळला ते उघड आहे. तीन कोडपॉइंट, हॅश २३,३५,९६८, मर्यादेच्या आसपासही नाही. शुद्ध देवनागरीत चार कोडपॉइंटपर्यंत मर्यादा कधीच ओलांडली जात नाही आणि पाचव्याला हमखास ओलांडली जाते. इंग्रजी छोट्या लिपीतलं पाच अक्षरांचं नाव सुखरूप राहतं, सहा अक्षरांचं नेहमीच वळसा खातं. तुमच्या चाचणीत सहा अक्षरी इंग्रजी नावं असती तर युनिकोडचं नावही निघालं नसतं.

त्यातही एक गंमत आहे, तिने चांगले चांगले फसतात. पाच कोडपॉइंटच्या मराठी शब्दांपैकी काही तरीही जुळतील. एकदाच वळसा झाला असेल आणि मूळ संख्येचा शेवटचा अंक ३ किंवा ८ असेल, तर दोन्हीकडे कप्पा योगायोगाने एकच येतो. म्हणजे साधारण पाचातला एक शब्द 'बरोबर' दिसणार. म्हणून चाचणीत कप्पा ताडून पाहू नका. अ‍ॅब्स आणि बाकी लावण्याआधीचा हॅश दोन्हीकडे छापा आणि तो ताडून पाहा. कप्प्याला दहाच उत्तरं आहेत, तिथे चुकीचं फंक्शनही अधूनमधून पास होतं.

उपाय शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी 'मास्क लावा' इतकंच सापडेल, म्हणजे प्रत्येक पायरीला & वापरून खालचे ३२ बिट तेवढे ठेवायचे. ते अर्धवट आहे आणि तुमच्या याच शब्दावर फसतं. २,२४,२६,९१,२९२ ही संख्या ३२ बिटांत मावते, त्यामुळे मास्कने ती बदलत नाही आणि उत्तर पुन्हा २ च येतं. जावाच्या दृष्टीने सर्वांत वरचा बिट म्हणजे ऋण चिन्ह. ते चिन्ह मास्कनंतर तुम्हालाच परत आणावं लागतं:

हॅश = ०
प्रत्येक एककासाठी:
    हॅश = (३१ * हॅश + एकक) & (२**३२ - १)
जर हॅश >= २**३१ असेल तर:
    हॅश = हॅश - २**३२
उत्तर = अ‍ॅब्स(हॅश) % १०

(की-वर्ड आणि आकडे मराठीत लिहिले आहेत, ते तुम्ही बदलून घ्यालच. २**३२ म्हणजे २ चा ३२ वा घात.) क्रम महत्त्वाचा: आधी मास्क, मग चिन्ह, मग अ‍ॅब्स, शेवटी बाकी. पायथनमध्ये मास्क लूप संपल्यावर एकदाच लावला तरी उत्तर तेच येतं, फक्त लांब मजकुरावर मधली संख्या उगाच फुगते.

'अ‍ॅब्स काढून टाका, हवाय कशाला' असा सल्ला कोणी दिला तर थांबा. ऋण संख्येची बाकी दोन्ही भाषा वेगळी काढतात. जावात बाकीचं चिन्ह भाज्याप्रमाणे असतं, पायथनमध्ये भाजकाप्रमाणे. त्यामुळे -२,०५,२२,७६,००४ ला % १० केलं की जावा -४ देतं आणि पायथन ६. पायथनसारखी बाकी जावात हवी असेल तर जावा ८ पासून मॅथ वर्गात फ्लोअरमॉड आहे, पण तुमचं जुनं फंक्शन ते वापरत नाही, तेव्हा तुम्हीही वापरू नका.

वरच्या कोडमध्ये मी 'अक्षर' न म्हणता 'एकक' म्हटलंय ते मुद्दाम. युनिकोड निर्दोष म्हटलं ते देवनागरीपुरतं. जावाचा 'चार' १६ बिटांचा आहे, तो यूटीएफ-१६ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) चं एक एकक धरतो. पायथन ३ पूर्ण कोडपॉइंट धरतं. कोणी नावात हसऱ्या चेहऱ्याचा साधा इमोजी (कोडपॉइंट १,२८,५१२) टाकला, तर पायथनला ते एक अक्षर, पण जावाला दोन एककं: ५५,३५७ आणि ५६,८३२. फक्त त्या इमोजीचा हॅश जावात १७,७२,८९९ येतो. नावांत असलं काही येण्याची शक्यता असेल तर पायथनमध्ये स्ट्रिंग आधी यूटीएफ-१६ लिटल एंडियनमध्ये (खालचा बाइट आधी) एन्कोड करा आणि दोन-दोन बाइटची एककं वाचा. 'लिटल एंडियन' असं स्पष्ट सांगा. नुसतं यूटीएफ-१६ म्हटलंत तर पायथन सुरुवातीला दोन बाइटची खूण चिकटवतं आणि मग साधा 'राम'सुद्धा बिघडतो.

'ऱ्या' असलेल्या नावांचंही बघून ठेवा. हा ऱ्य काही कीबोर्डवर नुक्त्याच्या 'ऱ'ने टाइप होतो, काहींवर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, हॅश वेगळे. हे पोर्टिंगचं, म्हणजे कोड दुसऱ्या भाषेत उतरवण्याचं दुखणं नाही, जावातही तसंच होत असणार. फक्त ताडून पाहताना असं नाव सापडलं तर नवीन कोडला दोष देऊ नका.

ताडून पाहण्यासाठी जुन्या जावा फंक्शनमधूनच नमुने काढा, स्वतःच्या डोक्यातून नव्हे. खऱ्या डेटातली हजारभर नावं आणि त्यांचे हॅश यूटीएफ-८ फाइलमध्ये टाका. त्यात मुद्दाम रिकामी स्ट्रिंग (हॅश ०), एकच अक्षर, पाच-सहा कोडपॉइंटची नावं, एखादं भलं लांब नाव आणि इमोजीवालं एक, एवढं हवंच. पायथनने फाइल वाचताना ओळीच्या शेवटचं न्यूलाइन काढायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक नावामागे १० क्रमांकाचं एक अक्षर जास्तीचं येतं आणि एकही ओळ जुळत नाही. जावा १८ च्या आधीची आवृत्ती असेल आणि मराठी नावं थेट सोर्समध्ये लिहिली असतील, तर कंपाइल करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं सांगा. त्या आवृत्त्या मशीनचं डीफॉल्ट एन्कोडिंग धरतात आणि विंडोजवर देवनागरीची माती होते.

पायथनचं अंगचं हॅश फंक्शन वापरण्याचा मोह टाळा. स्ट्रिंगसाठी ते आवृत्ती ३.३ पासून दर वेळी प्रोग्रॅम सुरू झाल्यावर वेगळं बीज घेतं, म्हणजे उद्याचं उत्तर आजच्यासारखं नसेल. साठवलेल्या कप्प्यांसाठी ते निरुपयोगी आहे.

एक कोपरा उरला, आणि तिथला निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. हॅश बरोबर -२,१४,७४,८३,६४८ आला तर जावात अ‍ॅब्सचा उपयोग होत नाही. त्याची धन बाजू इंटमध्ये मावतच नाही, म्हणून अ‍ॅब्स तीच ऋण संख्या परत देतं आणि कप्पा येतो -८. माझा पायथन कोड तिथे ८ देईल. जावात -८ हा अ‍ॅरेचा इंडेक्स म्हणून वापरला तर प्रोग्रॅम तिथेच एक्सेप्शन देऊन पडतो, म्हणजे अशी नोंद साठवलीच गेली नसणार आणि ८ चालून जाईल. पण कप्पा डेटाबेसच्या रकान्यात नुसता आकडा म्हणून लिहिला जात असेल, तर तिथे -८ च्या ओळी खरोखर असू शकतात. एक क्वेरी मारून बघा. सापडल्या तर पायथनमध्येही त्या एका संख्येसाठी -८ च द्या, मात्र तो थेट लिस्टला इंडेक्स म्हणून देऊ नका. दहा घटकांच्या लिस्टमध्ये पायथन -८ म्हणजे शेवटून आठवा समजतं आणि काही न बोलता नोंद २ नंबरच्या कप्प्यात टाकून मोकळं होतं.